शनिवारचा धुतलेला फोन

हमीदभाई,

परवा अकोल्याला तुमच्या घरी येऊन गेले. मातीच्या दिवशी आले होते ते येणं मी धरत नाही. तेव्हा बायकांच्या घोळक्यात अंगणात बसले आणि तशीच परत फिरले. परवा आले ती कामाने. साहेबांनी पाठवलं. "सुनंदाताई, हमीदभाईंकडचा फोन संस्थेचा आहे. तेवढा घेऊन या, आपल्या संगणकाला लावून कोरा करा. नव्या माणसाला द्यायचाय." बोलताना त्यांचा आवाज खाली होता, हे मी नाकारत नाही. पण काम काय, तर तुमच्या बायकोच्या दारात उभं राहून तुमचा फोन मागायचा. आणि त्या फोनमध्ये काय आहे, संगणकाला लावला की त्यातलं काय काय जाणार, हे आपल्या हापिसात माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं.

आधीच सांगते, मी तुमच्यावर रागावलेली आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. शोकसभेत सगळे तुमच्याबद्दल गोड गोड बोलले. साहेब म्हणाले, कर्तव्यनिष्ठ. दुसरं कोणीतरी म्हणालं, हसतमुख. मी मागच्या खुर्चीवर दात आवळून बसले होते. मला बोलायला सांगितलं तर मी मान हलवली. सगळ्यांना वाटलं, बाईला हुंदका आला. हुंदका कसला? तोंड उघडलं असतं तर शिव्याच बाहेर आल्या असत्या. त्या आता इथे लिहिते. मी लिहायला बसले की तुम्ही हसायचात, "ताई, बोलता वऱ्हाडी न् लिहिता पुन्याचं." हसा आताही.

आपलं काम बाहेरच्या माणसाला सांगायला एक वाक्य पुरतं. ज्या घरातल्या कर्त्या शेतकऱ्याने कर्जापायी जीव दिला, त्या घरी संस्थेने एक दुभती गाय बांधायची. त्या वर्षांत आपल्याकडे असं घर शोधत फिरावं लागत नव्हतं. मदत घेऊन येणाऱ्यांच्याही गाड्यांवर गाड्या येत होत्या. फक्त गाई पसंत करणाऱ्यांपैकी कोणी त्यांना रोज खायला लागणाऱ्या सरकीच्या ढेपेचा भाव विचारला नव्हता. गाडीतून ती पहिली उंच, ठिपक्याठिपक्यांची गाय उतरली, तेव्हा तुम्ही कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिलात. "ताई, हे गाय नोय, हत्ती हाये. बाईनं लेकरायले खाऊ घालावं का इले?" साहेबांनी ऐकलं की नाही कोण जाणे, पण ते वळून दुसऱ्याशी बोलायला लागले. मग त्या सगळ्या हत्तिणी जगवायचं काम तुमच्या गळ्यात पडलं. लस, ताप, गाभण राहणं, व्यायची तारीख, सगळं तुमच्याकडे. लोक तुम्हाला डॉक्टर म्हणायचे आणि तुम्हाला ते आवडायचं. मी अमरावतीच्या हापिसात संगणकापुढे. तुम्ही तिवश्याच्या बाजूला मोटारसायकलवर, नाहीतर धारणीच्या जीपमध्ये मागे लटकलेले.

मग फोन आले. सगळ्यांच्या भेटी आणि कामं माझ्या संगणकावर मांडायची, दर शनिवारी फिरत्या लोकांनी हापिसात यायचं, फोनला वायर लावायची, की संगणकावरचं कॅलेंडर आणि कामांची यादी फोनमध्ये आणि फोनमधलं संगणकात. दोन्हीकडे एकच. साहेबांनी समजावून सांगितलं तेव्हा सगळ्यांच्या कपाळाला आठ्या होत्या, खूश होता ते एकटे तुम्ही. त्या फोनबरोबर एक बारीक काडी यायची, पडद्यावर टोचायला. तिने तुम्ही कान कोरायचात. मी ओरडले की म्हणायचात, "दोनी कामाले येते, म्हणूनच तं महाग हाये."

पण तारखा टाकायला बसलो की मजा. मी विचारायचे, पार्वताबाईची गाय भरवली कधी? तुम्ही म्हणायचात, "कौंडण्यपूरच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी."

"हमीदभाई, तारीख सांगा."

"तेच तं सांगून राहिलो. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी. बाई जत्रेहून आली अन् मले बोलावलं."

"याला जत्रा समजत नाही हो."

"मंग याले काय समजते?"

मग मी भिंतीवरच्या जुन्या पंचांगात जत्रा शोधायची, त्यात एक दिवस मिळवायचा, वर नऊ महिने आणि थोडे दिवस, की झाली व्यायची तारीख. कोणाची गाय पोळ्याच्या करीला, कोणाची ईदच्या चांदरातीला, कोणाची जावई आला त्या दिवशी. जावई कधी आला हे विचारायला तुम्ही तिथूनच फोन लावायचात आणि आधी जावयाची खुशाली, मग त्याच्या बापाची. त्या हसण्यासाठी मी तुमची आभारी आहे, हमीदभाई, आणि ते खरंच लिहिते. त्या दिवसांत त्या हापिसात हसायला दुसरं काही नव्हतं. टेबलावरचे बाकीचे कागद काय होते ते तुम्हाला माहीत आहे.

सगळं बिघडलं ते लोडशेडिंगनं. वायर लावलेली, अर्धं इकडून तिकडे गेलेलं, की लाईट गेली. संगणकाची बॅटरी तर नावालाच. लाईट आल्यावर पुन्हा लावलं की गाडी पहिल्यापासून, आणि जे आधी गेलेलं असायचं ते दुसऱ्यांदा जायचं. एका महिन्यात तर आपल्या कितीतरी गाई कॅलेंडरात दोनदोनदा व्याल्या. साहेबांनी तो आकडा न बघता वर पाठवला. वरून अभिनंदनाचं पत्र आलं. तुम्ही ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलंत आणि डोळे पुसत म्हणालात, "बाप्पा, असं जर गाईयले समजलं, तं त्या आपल्याले शिंगावर घेतीन."

ती चूक उघडी पडली आणि साहेबांची वरच्या लोकांपुढे शोभा झाली. मग आला तो नियम. साहेब स्वतः माझ्या खुर्चीवर बसले, त्या खिडकीत गेले जिथे विचारलेलं असतं की दोन्हीकडे वेगवेगळं असेल तर खरं कोणाचं धरायचं. त्यांनी धरलं संगणकाचं. म्हणजे आता फोनमधलं इकडे काही येणार नाही. संगणकावर जे आहे ते फोनवर ओतायचं, आणि फोनमध्ये जे जास्तीचं असेल ते पुसून जाणार. "दोन ठिकाणी दोन खरं असून चालणार नाही," ते म्हणाले. मी भांडले. तुम्हाला आठवत असेल, तुम्ही दारातच उभे होता. मी म्हटलं, साहेब, गावात काय झालं ते फिरणाऱ्याला माहीत, मला इथे खुर्चीत बसून काय कळतं? खरं धरायचंच तर फोनचं धरा. ते म्हणाले, मग प्रत्येकाच्या फोनचं वेगळं खरं होईल. आणि तुमच्याकडे वळून विचारलं, "काय हमीदभाई, तुम्हाला काही अडचण?"

आणि तुम्ही काय म्हणालात? "नाही सायेब. तुमी म्हणता तं बरोबरच असन."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तुमच्यासाठी भांडत होते ना! अडचण तुमचीच होती आणि ती मला पुरती ठाऊक होती. तुमच्या फोनमध्ये संस्थेच्या गाईंशिवाय दुसऱ्या गाईही होत्या. गावरान. ज्यांचा आपल्या कुठल्याही कागदाशी संबंध नाही, ज्यांच्यासाठी तुम्हाला कोणी पगार देत नव्हतं. "संस्थेची गाय बांधली हाये, बाजूले शेजारणीची गाय तापानं फणफणून राहिली. तिच्याकडे पाठ करून कसा येऊ ताई? ते गाय म्हणन, हा डॉक्टर मोठा जातवाला दिसते." त्या गाईंच्या तारखा मी एकदा संगणकावर टाकूनही पाहिल्या. साहेबांनी पुढच्याच सोमवारी काढायला लावल्या. संस्थेच्या कॅलेंडरात परक्या गाई कशाला, वरचे लोक विचारतील तुमच्या माणसाचा वेळ कुठे जातो. झालं. त्यामुळे दर शनिवारी वायर लागली की तुमच्या त्या बिनकागदाच्या गाई फोनमधून साफ.

तुम्ही याला फोन धुणं म्हणायला लागलात. "ताई, घ्या, धुवून टाका." आणि धुतलेला फोन घेऊन बाहेर पायरीवर जाऊन बसायचात, तीच काडी घेऊन, आणि पुसलेली एकेक गाय परत भरायचात. चष्मा कपाळावर, जीभ दातांत. कबरी, पार्वताबाईच्या शेजारणीची. मोगली, धारणीच्या रस्त्यावरच्या त्या आंधळ्या म्हाताऱ्याची. नंबर ज्याच्या घरी फोन आहे त्या दुकानदाराचा. कोणाला वाटावं माणूस गेम खेळतोय. दर शनिवारी, अर्धा-पाऊण तास. पुढच्या शनिवारी पुन्हा सगळं पुसलं जाणार हे माहीत असून. सांगा, याला काय म्हणायचं? तुमच्या तोंडून साहेबांसमोर एक शब्द फुटला असता तर हे करावं लागलं नसतं. मी पायरीवर चहा आणून द्यायची आणि दरवेळी तेच म्हणायची, बोला ना एकदा. तुम्ही दरवेळी म्हणायचात, "ताई, बोल्ल्यानं नोकरी जाते, लिहिल्यानं आंगठा दुखते. आंगठा परवडला."

आणि आता ती तारीख.

तुमच्या छातीत कळ येत होती हे मला तुम्ही नाही सांगितलंत. शहनाजभाभींनी फोनवर सांगितलं, आणि वर म्हणाल्या, ताई तुम्ही त्यांना जाच करा, माझं ऐकत नाहीत. मी जाच केला. नागपूरच्या डॉक्टरकडे तपासणीसाठी कोणाकोणाच्या ओळखी काढून नंबर लागला. तुम्ही तारीख फोनमध्ये टाकलीत. भाभींसमोरच टाकलीत, त्यांना पडदाही दाखवलात. मग शनिवार आला, तुम्ही हापिसात आलात, वायर लागली, आणि गाईंबरोबर तुमची तारीखही धुतली गेली.

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा तुम्ही भरत होता. मी खांद्यावरून बघितलं. कबरी भरली, मोगली भरली, बाकीच्या सगळ्या भरल्या. काडी खोचलीत आणि फोन खिशात टाकलात.

मी विचारलं, "तुमची?"

"टाकतो ना."

"आत्ता टाका. माझ्यासमोर."

"ताई, गाईले सांगता येत नाही म्हणून लिहा लागते. माही मले याद हाये ना."

"मग मी संगणकावर टाकते, रजा म्हणून. ती पुसली जाणार नाही."

तेव्हा तुमचा चेहरा बदलला. इकडे तिकडे पाहिलंत. "नका टाकू. करार संपत येऊन राहिला माहा. रजेच्या खाली छातीचा डॉक्टर लिहिला, की सायेब म्हणतीन, याले आता धारणीले कसा पाठवाचा. दुसरा मानूस पाहतीन. मंग त्या कबरीच्या घरी कोन जाईन?"

मी म्हटलं, "कबरी व्याईल तुमच्याशिवाय. हजारो वर्षं गाई डॉक्टरशिवायच व्यायल्यात."

तुम्ही हसलात. मी कप उचलून आत गेले. इतकं स्पष्ट सांगून, हात धरून लिहायला लावायला मी तुमची आई नव्हते. हे मी माझ्या माथ्यावर घेणार नाही, हमीदभाई. कोणी घ्यायला लावलं तरी नाही.

त्या तारखेला तुम्ही नागपूरला नव्हता. कुठल्याशा वाडीत एक म्हैस व्यायला अडली होती, तिथे होता. म्हैस संस्थेची नव्हतीच. नंतरच्या शनिवारी मी विचारलं, गेलात का? तुम्ही अगदी साळसूदपणे म्हणालात, "फोनमदून उडालं ना, ताई."

"फोनमधून उडालं! छातीतून उडालं होतं का?"

माझा आवाज इतका चढला की आतून शिपाई बघायला आला. तुम्ही दोन्ही हात जोडलेत, नाटकी, जत्रेतल्या माणसासारखे. पुढच्या महिन्यात नक्की, म्हणालात. आपलं शेवटचं भांडण ते. अर्धवटच राहिलं, कारण लाईट गेली आणि सगळे बाहेर आले. पुढचा शनिवार यायच्या आधीच एका सकाळी चहा पिऊन मोटारसायकलला किक मारताना तुम्ही फाटकाशीच बसलात. हे मला भाभींनी सांगितलं. बाकी कसं, काय, ते मी विचारलं नाही.

तर परवा. दिवाणखान्यात पडदा लावलेला होता. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. मला आत बोलावलं, तुमच्या धाकट्या मुलीने चहा आणला. मी फोनचं कसं काढावं हा विचार करत कप हातात फिरवत होते, तेवढ्यात भाभींच्या शेजारी उशीवर ठेवलेला फोन वाजला. कॉल नव्हता. तुमच्या कॅलेंडरची ती घंटी मी लगेच ओळखली. मला वाटलं भाभी आता रडतील, आणि मी कप खाली ठेवला.

भाभींनी चष्मा लावला. फोनचा पडदा वाचला. आणि तुमच्या त्याच फोनवरून नंबर लावला.

"हालो? दुकानदार का? त्या कमलाबाईले आवाज द्या ना जरा. मी अकोल्याहून बोलून राहिली. डॉक्टरच्या घरून." मग बराच वेळ थांबून, "कमलाबाई, तुमच्या गाईचे दिवस भरत आले, लक्ष ठेवा. दोरी सैल ठेवजा. रात्रभर अडकली तं वाट पायत बसू नका, तिवश्याच्या दवाखान्यात मानूस पाठवा. गूळ हाये का घरात? ... हाव, ते नाही आता. ... हाव. ... काय करता, अल्लाची मर्जी. गाईकडे पाहा."

फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इतके वर्षं तेच बोलणं ऐकून राहिली. सगळं पाठ झालं."

मी विचारलं, रोज करता का? त्या म्हणाल्या, ज्या दिवशी वाजेल त्या दिवशी. पहिल्यांदा वाजला तेव्हा बंद कसा करायचा तेच कळेना. मग वाटलं, यांनी कोणालातरी यायचं सांगितलं असेल, ते माणूस वाट बघत असेल, निदान येणार नाही एवढं तरी कळवावं. म्हणून केला. पलीकडची बाई रडली, मग ह्याही रडल्या, आणि मग दोघी गाईबद्दल बोलायला लागल्या.

"ताई, तुम्ही फोन न्यायले आल्या ना?"

मी मान हलवली.

"नाही देत." आवाज अजिबात चढला नव्हता. "कम्प्यूटरले लावसान, तं सगळं उडन. हे सांगत होते मले, शनिवारी आपल्या बिनकागदाच्या गाई उडतात म्हणून. माह्या नवऱ्याची तारीख खाल्ली तुमच्या कम्प्यूटरनं. आता गाई नाही खाऊ देत."

खरं सांगू? बरं वाटलं. घेऊ दे कम्प्यूटरला शिव्या. त्या डब्याला काय, त्याला कुठे लागतंय? त्या बाईला शिव्या द्यायला एक जागा होती, ती मी कशाला काढून घेऊ? मी एवढंच म्हटलं, "हो भाभी, उडाली होती." हे खोटं नव्हतं. तुमच्यासाठी इतकं मी केलं, हमीदभाई, आणि ते करताना तुमचा भयंकर राग आला.

पण तुमची बायको तुमच्यापेक्षा शहाणी आहे. त्या फोन हातात घेऊन बसल्या होत्या, बोटाने एकेक दिवस पुढे सरकवत. मग थांबल्या.

"ताई, एक गोष्ट सांगा. कमलाबाईची गाय तुमच्या संस्थेची नाही."

"नाही."

"मंग शनिवारी तिची तारीख बी उडाली असन."

मी खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला.

"मंग आता कशी वाजली?"

पडद्याच्या फटीतून रस्त्यावरच्या ऑटोचा आवाज येत होता. धाकटी दारात उभी होती, तिला भाभींनी हाताने आत जायला सांगितलं.

मी म्हटलं, "ते परत भरायचे. पायरीवर बसून. सगळ्या."

"किती वेळ लागे भरायले?"

"अर्धा-पाऊण तास."

"अन् सोताची भरायले?"

याचं उत्तर, हमीदभाई, ते द्यायचं काम तुमचं होतं. भाभींनी चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला, परत घातला. मला वाटलं आता फोन भिंतीवर आपटतील. मी असते तर आपटला असता.

"झूट बोलले मले," त्या म्हणाल्या. "फोनमदून उडालं म्हणे! माह्या तोंडावर झूट बोलले. अन् मी रोज नमाजच्या नंतर तुमच्या कम्प्यूटरले शिव्या देऊन राहिली." मग माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे, पण असे की बघवेना. "आता कोनाले देऊ, ताई?"

मी म्हटलं, "हमीदभाईलेच द्या. मी बी देते."

आणि आम्ही दिल्या. दोघींनी. तुम्ही बेगुमान आहात इथून सुरुवात केली. मी त्या पायरीवरचं सगळं सांगितलं, रजेचं, कराराचं, कबरीचं, हात जोडायचं नाटक. भाभींनी माझ्या वरताण सांगितलं, तुम्ही औषधाच्या गोळ्या खिशात तशाच ठेवून धुवायला टाकायचात, डॉक्टरचं नाव काढलं की झोप आल्याचं सोंग घ्यायचात. एकदा तर त्या शिव्या देतादेता हसल्या, आणि हसताहसता जे रडू आलं ते मला थोपवता आलं नाही, त्यांनाही नाही. बाहेर तुमची मुलगी घाबरून आतबाहेर करत होती. म्हणू दे तिला काय म्हणायचं ते. मोठी झाली की कळेल.

साहेबांना मी सांगितलं, फोन मिळणार नाही. त्यांनी विचारलं, हरवला? मी म्हटलं, नाही, वापरात आहे. त्यांना काही समजलं नाही आणि मी समजावलंही नाही. उद्या माझ्याकडून लेखी मागतील, तेव्हा बघू. माझाही करारच आहे. पण त्यांना मी तोंडावर नाही म्हटलं आणि छत काही पडलं नाही, हे तुम्हाला सांगायचं होतं. इतकं सोपं होतं ते.

माझं तुमच्याकडे एकच मागणं होतं, तुम्ही जगावं. ते काही फार नव्हतं. त्या सगळ्या गाईंइतकं तरी स्वतःला धरलं असतं तर मी आज शनिवारी पायरीवर चहा घेऊन आले असते आणि आपण भांडलो असतो. त्याऐवजी हे असं कागदाशी भांडावं लागतंय, आणि कागद तुमच्याच सारखा, सगळं ऐकून घेतो आणि करत काही नाही. 

निघताना भाभींनी मला दारात थांबवलं. त्यांना दाराबाहेर येता येत नव्हतं, म्हणून उंबरठ्याच्या आत उभ्या राहून फोन माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, यात नवीन तारीख कशी टाकायची ते शिकवा. मी विचारलं, कोणाची गाय? त्या म्हणाल्या, गाय नाही. मग धाकट्या मुलीकडे बोट दाखवलं. तिचा श्वास लागतो, दोन महिने दवाखान्यात न्यायचं म्हणतेय, यांनीच उद्या-उद्या केलं. मी काडी हातात घेतली आणि दाखवलं, इथे दिवस, इथे वेळ, इथे नाव. त्यांनी नाव टाकलं. टाकून झाल्यावर मला म्हणाल्या, "अन् ताई, माही इद्दत अजून संपाची हाये. त्या दिवशी हिले मी बाहेर घेऊन जाऊ शकत नाही. तुम्ही येसान?"

मी हो म्हटलं. त्यासाठी सोमवारची रजा मी टाकली आहे, हमीदभाई, आणि कारणाच्या रकान्यात जे खरं आहे तेच लिहिलं आहे.